उघडा तळवा

एक

शिवगंगाअव्वांच्या उशाशी पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला होता आणि अव्वा तहानेनं मरत होत्या.

बाहेर सगळं चाकूर तहानलेलं होतं, ते वेगळं. तिथं पाणीच नव्हतं. विहिरींनी तळ दाखवला होता, तळ्याच्या पोटात शेळ्या हिंडत होत्या, टँकरचा भोंगा वाजला की आधी घागरी भांडत, मग बाया. पण मलप्पा आडत्यांच्या घरात सिमेंटची टाकी होती, टाकीला कुलूप होतं आणि कुलपाच्या आत पाणी होतं.

नीलाबाईनं चमचा ओठांशी नेला. अव्वांनी मान भिंतीकडं फिरवली. उजवं अंग लकव्यानं गेलेलं, वाचाही त्याच दिवशी गेलेली. राहिला होता तो डावा हात. त्याची मूठ त्यांनी छातीवर, गळ्यातल्या चांदीच्या डबीवजा चौकटीपाशी आपटली. मग हात पुढं केला आणि तळवा उघडला. पिंपळाच्या पानासारखा तो हात थरथरत होता, तरी खाली येत नव्हता.

"नको म्हणतात," नीलाबाई म्हणाली. "मंगळवारपासून हेच चालू हाय बाई. थेंब न्हाई गेला पोटात. लातूरचे डॉक्टर आले, सलाईन लावलं, तर ह्याच हातानं सुई उपसून टाकली. छाती बडवतात म्हणून त्यांनी हृदयाची गोळी दिली. ती पण थुंकली."

सौदामिनीबाई कंधारकर खाटेवर वाकल्या. नांदेडच्या दवाखान्यात मेट्रन म्हणून त्यांचा जन्म गेला होता. माणसांविषयी त्यांचं मत बरं नव्हतं आणि रुग्णांच्या नातेवाइकांविषयी तर मुळीच नव्हतं. त्यांनी अव्वांच्या मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, उन्हात वाळत घातलेल्या पदरासारखी.

"उद्याची संध्याकाळ दिसायची नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"तेच विचारायला बोलावलंय तुम्हाला," दारातून आवाज आला. मलप्पा उंबऱ्याच्या बाहेर उभे होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, नाकाला रुमाल. "तुमच्या वर्गात तयार झालेली पहिली बाई माझ्याच घरी ठेवली, गावाला उदाहरण म्हणून. ही आल्यापासून अव्वानं तोंड मिटलं. हिनं काय केलं ते शोधा, नायतर मी हिला पोलिसात देतो. वर्ग पण बंद. रविवारी मंत्री येणार प्रमाणपत्रं वाटायला, त्यांना मी काय तोंड दाखवू?"

"तुम्ही आत का येत नाही?" सौदामिनीबाईंनी विचारलं.

"मला त्या वासानं मळमळतं."

बाईंनी ओल्या फडक्याचं टोक अव्वांच्या ओठांवर टेकवलं. जीभ आपसूक बाहेर आली, ओलावा शोधू लागली. आणि तेवढ्यात अव्वांनी ती ओढून आत घेतली, चोरी करताना सापडलेल्या पोरासारखी. मिटल्या डोळ्यांच्या कडेला पाणी जमलं.

बाई ताठ झाल्या. "तोंड आलेलं नाही. गिळता येतंय. तहान तर जीव घेण्याइतकी आहे. मलप्पा, तुमच्या आईला पाणी हवंय आणि ती ते घेत नाही. हा आजार नाही. हे कुणीतरी केलेलं आहे."

दोन

वर्ग भरायचा तो आडत दुकानावरच्या हॉलमध्ये. 'वृद्धसेवा प्रशिक्षण वर्ग' असा कापडी फलक, त्यावर एका म्हातारीचं चित्र आणि त्याच्या दुपटीनं मोठा अध्यक्ष मलप्पांचा फोटो. लातूर जिल्हा झाल्यापासून गावोगाव अध्यक्षांचं पीक आलं होतं. त्याला मात्र पाऊस लागत नव्हता. बाईंनी इथं विधवा, परित्यक्ता, गरजू अशा बायांना कूस बदलायला, पाठीच्या जखमा धुवायला, लकवा झालेल्या माणसाला न गुदमरता भरवायला शिकवलं. समितीनं त्यांना हार कसा धरायचा ते शिकवलं.

"माझ्यावर संशय घेऊन राहिलात का?" मलप्पा गादीवर रेलून म्हणाले.

"घेतला होता. सोडला."

"काऊन?"

"रविवारी मंत्र्यांच्या शेजारी खुर्चीत तुमची आई बसवायची आहे. तिच्या अंगावर शाल घालतानाचा फोटो पेपरात द्यायचा आहे. रविवारपर्यंत तरी तुम्ही तिला मरू देणार नाही. तुमची हौस हाच तुमचा जामीन आहे."

मलप्पांना यात बेइज्जती आहे की सुटका, ते नीट कळलं नाही. ते हसले.

"घरात आणखी कोण असतं?"

"माझी बायको महादेवी. अन् धाकला संगप्पा, मागच्या खोल्यांत. त्याची बायको माहेरी शिरूर अनंतपाळला गेली, पाण्याच्या तरासानं. संग्या लई देवभोळा. सोमवारपासनं अव्वाची पूजा तोच करतो. बिचाऱ्याचं नशीब पण पाहा. वाटणीत मला बाजारातलं दुकान आलं अन् त्याला रस्त्याकडचं शेत. आता ते शेत सरकार घेणार, गोदाम अन् विश्रामगृहासाठी. सोमवारी मोजणीवाले येतात. जिल्हा नवा, हौस नवी."

"त्याला वाईट वाटत असेल."

"त्याला? तो म्हणतो, शिवाची इच्छा. विहीर खणायला लागलाय त्याच शेतात." मलप्पांनी पानाची पिंक टाकली. "म्हणलं, अरे येड्या, जाणाऱ्या जमिनीत विहीर कशाला? तर म्हणे, जाईस्तोवर गावाला पाणी मिळेल."

सौदामिनीबाई उठल्या. पुण्यवान माणसांचा त्यांना दवाखान्यात भरपूर अनुभव होता. ती माणसं रुग्णाच्या उशाशी अगरबत्ती लावत आणि बेडपॅन दुसऱ्याला उचलायला सांगत.

तीन

महादेवी स्वयंपाकघरात होती. टाकीची किल्ली कमरेला. अव्वांच्या खोलीचं दार तिच्या चुलीपासून चार हातांवर, पण तिची पाठ त्या दाराकडं.

"मीच मारून राहिले म्हणतील सगळे," ती आपणहून म्हणाली. "म्हणू द्या. सासूचं अन् माझं कधी पटलं न्हाई, हे मारुतीच्या पारावर विचारा. पण पाणी मी तोडलं न्हाई. रोज सकाळी अव्वाची कळशी आधी भरते, मग माझी."

"पूजा आधी तुम्ही करवत होता ना?"

"हाव. लकवा झाल्यापासनं मीच. सोमवारी भावजी आले, डोळ्यांत पाणी आणून म्हणले, वैनी, शेवटची सेवा मला करू द्या. मी म्हणलं, करा बाबा. मला काय, सुटले." तिनं भाकरी उलटली. "तेव्हापासनं मी आत गेले न्हाई."

"एकदाही नाही?"

"तुमची शिकलेली बाई ठेवली की. मग मी कशाला जाऊ?"

सौदामिनीबाईंनी वर्गात पहिल्याच दिवशी बायांना सांगितलं होतं, की तुम्हाला घरात घेतात ते म्हाताऱ्या माणसाला सोबत मिळावी म्हणून नव्हे, घरच्यांना सोबतीतून सुटका मिळावी म्हणून. बाया तेव्हा हसल्या होत्या.

"भावजींची पूजा नीट चालते?"

इथं मात्र महादेवी पेटली. पाण्याचा विषय निघाला की तिचा आवाज आपोआप चढायचा. "नीट म्हंजे? लई जोरात. पूर्वी स्वतःच्या पूजेला एक गडवा न्यायचे. आता दुसरा मागतात. अन् अव्वाच्या पूजेचा गडवा वेगळाच. तो आत जातो तसाच भरलेला बाहेर येतो. म्हणतात, अव्वानं पूजा नको म्हणली, हात झिडकारला. मग म्हणलं, ते उरलेलं पाणी घ्या की तुमच्या पूजेला. तर न्हाई, ते झाडाला घालतात, मला ताजं मागतात. माणसं डबक्यात वाट्या बुडवून राहिलीत अन् ह्यांच्या देवाला दोनदा आंघोळ."

 बाईंनी एकदा टाकीच्या कुलपाकडं पाहिलं, एकदा अव्वांच्या दाराकडं.

"संगप्पा आत्ता कुठं भेटतील?"

"शेतात. विहिरीवर."

चार

शेत लातूर-नांदेड रस्त्याला अगदी खेटून. काळी जमीन भेगाळून पडलेली, भेगांत हात जाईल अशी. मोजणीवाल्यांच्या चुन्याच्या खुणा आधीच आखलेल्या. खाली ओढ्याच्या काठी बाभळी अजून हिरव्या होत्या. पाणी असलंच तर तिथं. संगप्पांची विहीर मात्र वर, माळाच्या टेकाडावर, रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीतूनही दिसेल अशा जागी होती.

"शरणार्थ, बाई." संगप्पांनी हात जोडले. कपाळावर भस्माचे तीन ठळक पट्टे, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला जाड सदरा. अशा उन्हात गडी उघड्या अंगानं बसले होते. "अव्वाला पाहिलंत? कसं तेज आलंय तोंडावर."

"ताप आलाय. पाणी नसलं की येतो."

"तुम्ही दवाखान्यातली माणसं, तुम्हाला तसंच दिसणार. माझ्या अव्वानं अन्न सोडलं, पाणी सोडलं. तिचं तिनं ठरवलंय. पुण्यवान जीव असेच जातात. एवढाच अर्ज हाय, तिला सुया टोचू नका, लातूरला हलवू नका. गाडीत हाल व्हतील." डोळे भरून आले, अगदी वेळेवर. "मी पायाशी बसून असतो. भजन म्हणतो."

"पाठ कोण पुसतं?"

"ती बाई पुसते की."

"आणि ओली चादर?"

संगप्पांनी भस्माला हात लावला. "ज्याची त्याची सेवा असते, बाई."

सौदामिनीबाई खड्ड्याच्या काठाशी गेल्या. चौकोनी खड्डा, माणसाच्या उंचीहून थोडा खोल, बाजू चोपून गुळगुळीत केलेल्या. विहीर खणणारे बाजू चोपत बसत नाहीत, त्यांना खाली जायची घाई असते. तळाशी एका भिंतीत कोनाडा कोरला होता. दिव्याचा असतो तसा लहान नाही. मांडी घालून माणूस बसेल एवढा.

"हा कोनाडा कशाला?"

"कंदील ठेवायला." उत्तर फार लवकर आलं.

"उन्हात खणताय, आणि कंदील?"

संगप्पा हसले. गडी हसले नाहीत. त्यांतला म्हातारा गुंडप्पा खड्ड्याकडं न पाहता चिलीम झाडत म्हणाला, "आम्हाला सांगितलं एवढंच खणा. पाणी लागो न लागो. काम संपलं."

"संपलं? पाणी नाही लागलं आणि विहीर संपली?"

 रस्त्यावरून टँकर धुरळा उडवत गेला. बाईंना आता कशासाठी हे कळलं होतं, कोण तेही कळू लागलं होतं. कळत नव्हतं ते एकच. पेला भरलेला, दार उघडं, शेजारी माया करणारी बाई. अशा माणसाला तहानेनं मारायचं कसं?

पाच

"बाई, मला जाऊ द्या माझ्या गावाला, बिलोलीला," नीलाबाई म्हणाली. ती अव्वांच्या पायांना तेल चोळत होती. डोळे सुजलेले. "मी पोलिसांना भीत न्हाई. पण ह्या माझ्यापुढं अशा चालल्या, तर मी पुन्हा कुणाला हात लावणार न्हाई. काहीतरी सांगतात त्या मला. मलाच कळंना."

सौदामिनीबाई खाटेच्या कडेला बसल्या. वाचा गेलेली माणसं त्यांनी खूप पाहिली होती. त्यांच्याविषयीची एक गोष्ट बाईंना ठाऊक होती, जी नातेवाईक कधी करून पाहत नाहीत: बोलणं जातं, पण पाठ झालेलं गाणं पुष्कळदा मागं राहतं, घर पडल्यावर तुळस राहावी तसं.

"ह्या घरात जातं आहे?"

"पडवीत हाय. कुणी फिरवत न्हाई, गिरणी आली."

"फिरव. रिकामंच फिरव."

नीलाबाईनं पडवीत जाऊन पदर खोचला. दगडावर दगड घरघरला. रिकाम्या जात्याचा आवाज, दुष्काळाच्या पोटातून आल्यासारखा. खाटेवर अव्वांचे डोळे उघडले. जात्याच्या एका फेऱ्यात ओठ हलले, दुसऱ्या फेऱ्यात घसा खरवडल्यासारखा वाजला. आणि मग, मोडक्या, कोरड्या, पण सरळ शब्दांत, ज्या बाईला 'पाणी' म्हणता येत नव्हतं ती गाऊ लागली:

*दोघं माझी गं लेकरं, दोन बेलाची गं पानं*
*मलप्पा माझी सावली, संगप्पा माझा प्राण*

स्वयंपाकघरात पोळपाट थांबला. अव्वांनी श्वास घेतला. सौदामिनीबाईंनी ओलं फडकं ओठांना लावलं, तेवढा ओलावा त्यांनी ह्या खेपेला राहू दिला. मग दुसरी ओवी आली, पहिलीहून क्षीण:

*डाव्या माझ्या तळव्याला नको कांकण, नको मेंदी*
*तिथं बसतो लिंगदेव, तीच त्याची शेजगादी*

गाता गाता अव्वांचा डावा हात उठला. तळवा उघडला. थरथरत, पण सपाट, आकाशाकडं तोंड केलेला.

सौदामिनीबाईंनी आपलाच हात पुढं केला आणि 'नको' म्हणून पाहिलं. 'नको' म्हणणारा तळवा समोरच्याकडं वळतो, त्याला ढकलतो. हा तळवा कुणाला ढकलत नव्हता. तो मागत होता. तीन दिवस मागत होता.

"नीला," त्यांनी हाक मारली. जातं थांबलं. "हात असा केला की अव्वा नको म्हणतात, हे तुला कुणी सांगितलं?"

नीलाबाई दारात उभी राहिली. आधी तिला प्रश्न कळला नाही. मग कळला, आणि तिचा हात तोंडावर गेला.

सहा

संध्याकाळ व्हायच्या आत बाईंनी सगळ्यांना त्या खोलीत बोलावलं. मलप्पा उंबऱ्याशी अडले. "आत या," बाई म्हणाल्या, "तुमच्या वर्गाचा पहिला धडा आहे, अध्यक्ष." ते रुमाल लावून आत आले. संगप्पा हात जोडून पायाशी बसले. महादेवी पदराला हात पुसत शेवटी आली, आणि आत पाऊल टाकताच थबकली.

अव्वांनी मूठ छातीवर मारली आणि तळवा उघडला.

"अगं बाई," महादेवी म्हणाली. "अव्वा लिंग मागून राहिल्यात."

एवढंच. तीन दिवसांत लातूरच्या डॉक्टरला, मेट्रनला, शिकलेल्या बाईला जे कळलं नव्हतं, ते ह्या घरातल्या कुणालाही दारातून एकदा आत पाहिल्यावर कळलं असतं. कुणी पाहिलं नव्हतं.

"नीलाबाईला माहीत नसणार, ती तुमच्यातली, लिंगायत नाही," सौदामिनीबाई म्हणाल्या. "मलाही ओवी ऐकेपर्यंत कळलं नव्हतं. तुम्ही सांगा, महादेवी."

"गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळव्यावर घ्यायचं, त्याला न्हाऊ घालायचं, भस्म, बेल, मग तीर्थ. त्याच्याआधी अव्वा पाण्याचा थेंब घेत न्हाईत, लहानपणापासनं. पूजा न्हाई तर पाणी न्हाई."

"हे ठाऊक होतं आणि पूजा होत नाही हेही ठाऊक होतं."

महादेवीनं खाली पाहिलं. "मला वाटलं, अव्वाच कंटाळल्या जगण्याला."

"वाटलं. बरं. आता चौकट उघडा."

"लिंग असेल की तिच्यात," मलप्पा म्हणाले. "गळ्यातच हाय चौकट."

महादेवीनं चांदीची चौकट उघडली. आत भस्माचा घट्ट वळलेला गोळा होता. लिंग नव्हतं. अव्वांच्या घशातून एक आवाज आला. त्याला शब्दाची गरज नव्हती.

"वजनावरनंच कळलं असेल त्यांना," महादेवी पुटपुटली. "म्हणून छाती बडवत होत्या."

"चोरी," मलप्पा गरजले आणि बोट नीलाबाईकडं वळलं. "चांदीसाठी..."

"चांदी तिथंच आहे. दगड गेलाय. मलप्पा, दुकानदार असून तुम्हाला माल ओळखता येत नाही." बाईंचा आवाज चढला नाही, उलट गार झाला. "हे ज्यानं केलं त्याला तुमचा रिवाज पक्का माहीत होता. त्याला विष नको होतं, उशी दाबायची नव्हती. लिंग काढून घेतलं की बाकीचं काम अव्वांची श्रद्धाच करणार होती. फक्त एकच माणूस वाटेत होता, रोज तो तळवा पाहणारा. तिला काहीतरी सांगणं भाग होतं. नीला, तळवा उघडला की नको म्हणतात, हे कोण म्हणालं?"

"धाकले मालक," नीलाबाई म्हणाली. "सोमवारी. म्हणले, अव्वा हात असा करील तेव्हा बळजबरी करू नको."

संगप्पा उठले. "मला तसंच वाटलं. माणसाची समजूत चुकती."

"लिंगायताच्या घरात जन्मलेल्या माणसाची? इतरांची चुकेल. तुमची चुकायची असेल तर ठरवून चुकवावी लागेल." बाईंनी दार लोटून घेतलं. "आता लिंग कुठं आहे ते पाहू. ते टाकलेलं नसणार. तुमच्यात गेलेल्या माणसाला बसवून पुरतात आणि समाधीत त्याच्या तळव्यावर लिंग ठेवावंच लागतं. त्याशिवाय टेकाडावरच्या त्या खड्ड्यात तिला बसवून काय उपयोग? समाधी खरी नको का व्हायला? मोजणीवाले यायच्या आत रस्त्याकडेला पुण्यवान बाईची समाधी झाली, वर छत्री बांधली, की सरकारी गोदाम तिथनं हललं. शेत वाचलं, वर मठ झाला."

मलप्पा धाकट्या भावाकडं पाहत राहिले. "ती विहीर..."

"विहिरीला बसायचा कोनाडा नसतो. लिंग फडताळात ठेवायची हिंमत ह्यांना नाही, ते अंगावरच हवं, रोज न्हाऊ घातलेलं हवं. म्हणून अव्वांचा गडवा भरलेला परत येतो आणि ह्यांना स्वतःच्या पूजेला दुसरा लागतो. महादेवीच्या कंजूषपणाचे उपकार माना. पाणी कुठं जातं ते तिला झोपेतही कळतं." बाई दोन पावलं पुढं आल्या. "सगळ्यांनी गळे दाखवा. महादेवी, तुमचा एक दोरा दिसतोय. मलप्पा?"

मलप्पांनी सदऱ्याची गुंडी चाचपली. काढली नाही. "माझं... दुकानात तिजोरीत हाय. धंद्याच्या घामानं खराब होतं."

"छान. अध्यक्षांचा देव तिजोरीत. संगप्पा, तुम्ही?"

संगप्पा दाराकडं वळले. दारापुढं नीलाबाई उभी होती. तिनं काही केलं नाही, फक्त सरली नाही. लकवा झालेली जड माणसं उचलून उचलून तिचे खांदे भरले होते.

मलप्पांनीच पुढं होऊन भावाच्या सदऱ्याचा गळा ओढला. दोन दोरे होते. एकाला त्यांची स्वतःची चौकट, दुसऱ्याला पिवळ्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी, काळजाशी.

"मी देव टाकला न्हाई," संगप्पा म्हणाले. आता डोळे कोरडे होते. "तुम्ही सगळे विसरलात, मी विसरलो न्हाई. रोज न्हाऊ घातलं. बेल वाहिला. तुमच्या कुणाहून जास्त सेवा केली मी."

"केलीत," सौदामिनीबाई म्हणाल्या. "देवाला पाणी दिलंत आणि आईला नाही. असं काम आमच्या वर्गात कुणी शिकवत नाही. त्याला तुमच्यासारखी भक्ती लागते."

महादेवीनं पुरचुंडी सोडवून घेतली. टाकीचं कुलूप तिनं स्वतः उघडलं आणि गडवा असा भरला की वाटेत सांडलं, आणि सांडलं म्हणून ती काही बोलली नाही. काळं, लोण्यासारखं गुळगुळीत लिंग अव्वांच्या डाव्या तळव्यावर आलं. हात थरथरायचा थांबला.

महादेवी गडवा घेऊन पुढं झाली. अव्वांनी तिच्याकडं पाहिलं, मग दाराकडं पाहिलं.

"ही आपल्यातली न्हाई, अव्वा," महादेवी म्हणाली.

अव्वा दाराकडंच पाहत राहिल्या. नीलाबाई आली. मेलेल्या उजव्या हाताच्या जागी तिनं आपला हात धरला. महादेवीनं भस्म लावलं, बेल ठेवला. पाणी नीलाबाईनं घातलं, एका धारेनं. तळव्यातलं तीर्थ अव्वांनी आधी घेतलं. मग चमचा. मग बाईंनी पेला हातात घेतला आणि रागावल्या, "सावकाश. नीला, मान उचल. सगळं एकदम नको." त्या रागावण्यात त्यांना दिवसभर दाबून धरलेलं काहीतरी लपवायचं होतं.

मलप्पा खोकले. "बाई, घरातली गोष्ट घरात ऱ्हाऊ द्या. रविवारी मंत्री..."

"सकाळी पोलिसात जायचं म्हणत होतात ना? चला. नाव तेवढं बदला."

"सख्खा भाऊ हाय."

"सख्खी आई होती," सौदामिनीबाई म्हणाल्या आणि चप्पल घालायला गेल्या.

सात

मंत्री आलेच नाहीत, ते उदगीरला दुसऱ्या फलकाखाली गेले. मोजणीवाले मात्र सोमवारी आले आणि टेकाडावरच्या खड्ड्याला त्यांनी 'कोरडी विहीर' ठरवून पुढं मोजणीची साखळी टाकली. विहिरीचा मालक तेव्हा लातूरला पोलिसांच्या ताब्यात होता.

नीलाबाई बिलोलीला गेली नाही. दुपारी अव्वांचं अंग पुसून झालं की ती पडवीतलं रिकामं जातं फिरवायला बसे. हल्ली महादेवी खोलीत येऊन टेकायची, शेंगा फोडत. अव्वा गायच्या. तळव्याची ओवी पुरी म्हणायच्या. लेकरांची ओवीही सुरू करायच्या, दोन बेलाच्या पानांपर्यंत यायच्या, *मलप्पा माझी सावली* इथवर यायच्या आणि त्याच्यापुढचं नाव आलं की आवाज बंद व्हायचा. डावी मूठ मिटायची.

हे वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. पण पहिल्या दोन दिवसांनंतर ओवी त्या जागी आली की नीलाबाई आपणच जातं थांबवू लागली.